परग्रहावरचा विंचू

गेल्या नवरात्रातली गोष्ट. रेणुकामातेची यात्रा भरलेली, रस्त्याकडेला बांगड्यांची आणि भेळेची दुकानं लागलेली, आणि आमच्या चांदवडातल्या एका सभागृहात व्याख्यान. पाहुणे नामवंत, विषय नेहमीचाच: तरुण पिढीचं कसं होणार. व्याख्यान संपलं, प्रश्न विचारा म्हणाले. मागच्या रांगेतून कॉलेजातली एक मुलगी उठली. ''सर, मी एक जुनी सायन्स फिक्शन मालिका बघितली. त्यात दोन माणसं असतात, त्यांचं युद्ध...''

वाक्य तिथंच राहिलं. पाहुण्यांनी हात उंचावला. ''बाळा, परग्रहावरच्या हिरव्या-निळ्या लोकांची युद्धं सोडून दे. इथं माणसांचे प्रश्न काय कमी आहेत? जमिनीवर ये जरा.'' सभागृह खळखळून हसलं. मुलगी खाली बसली. संयोजकांनी शाल-नारळ पुढे केला आणि सगळे चहाला मोकळे झाले.

चहाच्या टपरीवर त्याच वाक्याची उजळणी सुरू होती. पाहुण्यांनी कशी झकास फिरकी घेतली! मी गप्प चहा प्यालो, कारण तिथं बोललो असतो तर आवाज चढला असता. ते बोलणं आता लिहून काढतो.

पाहुण्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या सुशिक्षितांचं हे ठरलेलं मत आहे, आणि ते असं: विज्ञानमालिका म्हणजे पोरखेळ. पुठ्ठ्याची यानं, रबराचे मुखवटे आणि टोकदार कान. त्यातून युद्ध आणि सहिष्णुता यांवर कुणी काही सांगायला लागलं तर ते आणखीच हास्यास्पद, कारण सांगणाऱ्यानं युद्ध पाहिलेलं नसतं आणि सहिष्णुता हा तर दुबळ्यांचा शौक. शिवाय हे सगळं परदेशी. आणि खरंच काही सांगायचं असेल, तर सरळ सांगा ना! मंगळावर कशाला जाता?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो चांदवडच्या माणसानं मांडावा याचं मला विशेष नवल वाटतं. आमच्याकडे यात्रेत, सप्त्यात भारूड होतं. एकनाथांचं विंचवाचं भारूड लागलं की समोर बसलेल्या आजीलासुद्धा समजतं की हा विंचू नांगीवाला नव्हे. हा माणसाच्या आत बसलेला काम-क्रोधाचा विंचू. तिला कुणी सांगावं लागत नाही. 'नाथमहाराज, सरळ सांगा ना, विंचवाचं सोंग कशाला?' असं आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्याच एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. दोघं एकमेकांच्या धर्माची यथेच्छ खिल्ली उडवतात, भांडतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. ज्या मातीत रूपकाची इतकी जुनी सवय आहे, तिथल्या माणसाला विंचू कळतो आणि 'स्टार ट्रेक'मधला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक कळत नाही? की कळून घ्यायचा नाही?

आता सरळ सांगण्याबद्दल. अमेरिकेत रॉड सर्लिंग नावाचा लेखक होता. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंगनं त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहायला घेतलं, अगदी सरळ. प्रायोजकांचे हातपाय गार पडले. मग मारला जाणारा माणूस बदलला, गाव दक्षिणेतून उचलून उत्तरेत नेलं. दक्षिणेची आठवण नको म्हणून सेटवरच्या कोकाकोलाच्या बाटल्यासुद्धा हलवल्या, असं नंतर त्यानंच सांगितलं. नाटकाचं पार पिठलं झालं. सर्लिंग त्यातून एक गोष्ट शिकला: जे राजकारण्याच्या तोंडी घालू देत नाहीत, ते मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडी घातलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. १९५९ मध्ये त्याची 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. तेव्हा मंगळावर जाणं ही पळवाट नव्हती, सरळ वाटा बंद केल्यावर उरलेली ती एकच वाट होती.

त्या मालिकेतला एक भाग ४ मार्च १९६० रोजी दाखवला गेला. मॅपल स्ट्रीट नावाची साधी गल्ली. संध्याकाळी डोक्यावरून काहीतरी घोंगावत जातं आणि वीज, फोन, मोटारी सगळं बंद पडतं. एक पोरगं म्हणतं, मी वाचलंय, परग्रहावरचे लोक आधी आपल्यासारखीच दिसणारी माणसं पाठवतात. झालं. एकाची मोटार आपोआप सुरू होते, म्हणजे तो त्यांचा माणूस. दुसरा रात्री अंगणात उभा राहून तारे बघतो, त्याचंही काहीतरी आहे. अंधारातून कुणी चालत येताना दिसतं आणि बंदूक उडते. मेलेला माणूस शेजारचाच, पलीकडच्या गल्लीत वीज आहे का ते बघायला गेलेला. शेवटी टेकडीवर खरेच परग्रहवासी उभे दिसतात. त्यांनी फक्त बटणं बंद-चालू केलेली असतात. बाकीचं काम गल्लीनं स्वतःच उरकलेलं.

हे हिरव्या-निळ्या लोकांबद्दल आहे? १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता आणि ही माणसं अनोळखी होती. तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन पाचही जणांना ठार मारलं. त्याच सुमारास आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावात तशाच संशयात सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या हातून सोडवलं. पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. अफवा जवळपास तीच. मेलेल्यांचा जात-धर्म बघून कोणत्या घटनेवर ओरडायचं आणि कोणत्या घटनेवर गप्प बसायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी तर मॅपल स्ट्रीटवर कायमचं घरच बांधलंय.

या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रात्री लाईट गेली. सगळा अंधार, एका घरात मात्र उजेड. भाड्यानं राहायला आलेलं बाहेरगावचं कुटुंब. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ''यांचीच बरी चालू राहते?'' दुसरा म्हणाला, ''कोण कुठले आहेत कुणास ठाऊक, रात्री-बेरात्री गाडी येते यांच्याकडे.'' इन्व्हर्टर होता, आणि गाडी टोमॅटोच्या व्यापाऱ्याची. पाच मिनिटांत लाईट आली, विषय बदलला, त्या घरातल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वड्या दिल्या. काहीच घडलं नाही. पण ती पाच मिनिटं मी घामाघूम झालो होतो, उकाड्यानं नव्हे. ओट्यावरच्या बाकीच्यांना काही वाटलं नाही. त्यांनी तो भाग पाहिलेला नव्हता.

आता पळवाटेचा आरोप. वास्तवापासून पळतं कोण, याचा एकदा सोक्षमोक्ष लागू द्या. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चकमक चालू होती तेव्हाची ८ तारखेची रात्र आठवा. घराघरांत टीव्ही चालू. काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं. सकाळी बंदर होतं तिथंच होतं. स्टुडिओत सायरन इतके वाजले की 'कार्यक्रमात सायरनचा आवाज वापरू नका, लोकांची संवेदनशीलता बोथट होईल' असं नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांना कळवावं लागलं. कल्पित युद्ध, कल्पित विजय, संगणकावर काढलेली विमानं, आणि हे सगळं 'बातम्या' या नावाखाली. ते बघणारे वास्तववादी, आणि ते बघून ज्या मुलीला एक जुनी मालिका आठवते ती स्वप्नाळू?

याच प्रकारावर 'स्टार ट्रेक'नं २३ फेब्रुवारी १९६७ ला एक भाग दाखवला होता. दोन ग्रहांत पाचशे वर्षं युद्ध चालू आहे, पण बॉम्ब एकही पडत नाही. संगणक हल्ला करतो, संगणकच मेलेल्यांची यादी काढतो, आणि यादीत नाव आलेल्या नागरिकांनी चोवीस तासांत निमूटपणे नष्ट होण्याच्या खोलीत जाऊन उभं राहायचं. इमारती शाबूत, रस्ते चकचकीत, संस्कृती अबाधित. युद्ध इतकं स्वच्छ की थांबवावंसं कुणाला वाटतच नाही. मालिकेतल्या यानाचा कॅप्टन कर्क ते संगणक फोडून टाकतो आणि त्यांना खऱ्या युद्धाची भीती परत देतो. तेव्हा कुठे वाटाघाटीचं नाव निघतं. व्हिएतनाममधल्या मुडद्यांचे आकडे अमेरिकन लोक तेव्हा क्रिकेटच्या धावसंख्येसारखे ऐकत होते. आपल्याकडे धावफलक आज स्टुडिओच्या भिंतीएवढा झालाय, इतकाच फरक.

तरी लोक विचारतात, या कथाकारांना युद्ध काय ठाऊक? हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण विचारणाऱ्याचं युद्ध बहुतेक मोबाइलवर झालेलं असतं. 'स्टार ट्रेक'चा निर्माता जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये बी-१७ बॉम्बफेकी विमान चालवत होता. ८९ मोहिमा त्याच्या नावावर आहेत. रॉड सर्लिंग छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढला. तिथं त्याचा मित्र शत्रूच्या गोळीनं मेला नाही, आपल्याच विमानातून टाकलेली अन्नाची पेटी अंगावर पडून मेला, सर्लिंगच्या डोळ्यांदेखत. 'स्टार ट्रेक'मध्ये सुलूचं काम करणारा जॉर्ज टाकेई पाच वर्षांचा असताना आईबापांसकट काटेरी तारांच्या छावणीत टाकला गेला होता, गुन्हा काय तर जपानी वंश. ही माणसं सहिष्णुतेची गोष्ट सांगतात तेव्हा ती पुस्तकात वाचून सांगत नाहीत.

आणि युद्ध ठाऊक असण्याची गोष्ट चांदवडकरानं तरी करावी. डोक्यावर किल्ला आहे. १८०४ मध्ये कर्नल वॉलेसनं तो घेतला, मग होळकरांकडे परत आला, १८१८ मध्ये कायमचा गेला. खाली होळकरांचा रंगमहाल आहे. अहिल्याबाईंचा उल्लेख केल्याशिवाय आमच्याकडे भाषण सुरू होत नाही, आणि त्यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेले हे त्या भाषणात कधी येत नाही. अहिल्याबाईंनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. रंगमहालातलं लाकडावरचं कोरीव काम बघायला शाळेच्या सहली येतात. पोरं खांबांना हात लावून बघतात, फोटो काढतात, निघून जातात. त्या वाड्याशी जोडलेल्या नावाच्या मागे वेढा, तोफ आणि वैधव्य होतं हे त्यांना कुणी सांगत नाही. मग परग्रहावरच्या गोष्टीनं सांगितलं तर बिघडलं कुठं?

परदेशी, हा तर सोयीचा शिक्का आहे. मोबाइल परदेशी, त्यावरचा मेसेज पोहोचवणारं ॲप परदेशी, तक्रार फक्त गोष्टीबद्दल. बरं, २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालेल्या 'डॉक्टर हू'चा पहिला भाग कुणी दिग्दर्शित केला? वारिस हुसेन यांनी, आणि त्यांचा जन्म लखनौचा. त्या मालिकेतले डालेक, स्वतःखेरीज प्रत्येक जीव नष्ट करायला निघालेले, नाझींवरून बेतलेले होते. आपल्या माणसाचा हात तिथं पहिल्या दिवसापासून आहे.

मराठीचं म्हणाल तर जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली, नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी केली होती. ती पहिली आली. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्यांनी विश्वासरावांना लागलेली गोळी जराशी हुकवली आणि पानिपत जिंकून दिलं. मराठी माणसाच्या काळजातली सर्वांत जुनी जखम घेऊन त्यांनी विचारलं, की एक गोळी इकडची तिकडे झाली असती तर तुम्ही आज कोण असता? हा प्रश्न इतिहासाच्या शंभर भाषणांत निघत नाही, कारण भाषणात कुणी ना कुणी दोषी लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. इथून तासाभराच्या अंतरावर विज्ञानकथाकाराला मराठी साहित्याची सर्वांत मोठी खुर्ची दिली, आणि चार वर्षांनी आम्ही एका मुलीला सांगतोय, हे सोड, जमिनीवर ये.

एक कबूल करतो. आपल्या टीव्हीनं या बाबतीत फारसं काही केलं नाही. लहानपणी नाशिकला मामाकडे रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' बघायचो. भाषा निम्मी कळायची नाही, मामा अँटेना फिरवायला गच्चीवर आणि आम्ही खालून ''आलं, आलं, गेलं!'' ओरडायचो. मग 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम'. मजा होती, पण खलनायक खलनायकच राहिला. शत्रूच्या बाजूनंही कुणी बोलू शकतं हे त्यांना सुचलं नाही. पुठ्ठ्याबद्दल तर वादच नाही. पण संगीत नाटकातला रंगवलेला पडदाही पुठ्ठ्याच्याच कुळातला होता आणि त्यापुढे आपले आजोबा रडले.

उरला दुबळेपणा. सहिष्णुता म्हणजे दुसरा गाल पुढे करणं, अशी समजूत करून घेऊन मग तिला झोडपायचं, ही जुनी युक्ती आहे. १५ डिसेंबर १९६६ चा 'स्टार ट्रेक'चा भाग बघा. रोम्युलन नावाच्या शत्रूनं सीमेवरच्या चौक्या उडवल्यात. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच दिसतो, आणि तो हुबेहूब आपल्याच स्पॉकसारखा निघतो. यानावरचा स्टाइल्स नावाचा अधिकारी, ज्याचे पूर्वज मागच्या युद्धात मेले, लगेच स्पॉककडे गद्दार म्हणून बघायला लागतो. कर्क काय करतो? तो शत्रूच्या जहाजाचा पाठलाग करतो, लढतो आणि लढाई जिंकतो. आणि त्याच वेळी स्टाइल्सला बजावतो की हा द्वेष आपल्या खोलीत ठेव, इथं नियंत्रणकक्षात त्याला जागा नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं, एकाच तासात केल्या. सीमेवर लढणं आणि शेजाऱ्याच्या दाढीवरून, टोपीवरून किंवा कानांवरून त्याला शत्रू न ठरवणं यांत विरोध आहे, हे कुणी ठरवलं? इथून ओझरला जाताना एचएएलचा कारखाना लागतो, तिथं सुखोई तयार होतात. व्हावीत. त्यामुळे गल्लीतल्या इन्व्हर्टरवाल्याकडे संशयानं बघण्याचा परवाना मिळत नाही.

शेजारच्या निफाडात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्लं सापडतात. आधी गावात घबराट, काठ्या, ''मारा'' म्हणून ओरडा. मग वनखात्याची माणसं येतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच फडात ठेवतात आणि लांब थांबतात. रात्री मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. यात दुबळं काय आहे? बिबट्या बिबट्याच राहतो, त्याचे दात तेच राहतात, फक्त तो कशासाठी चवताळतो ते कुणीतरी आधी समजून घेतलेलं असतं. 'स्टार ट्रेक'मध्ये खाणीतल्या कामगारांना मारणारा एक राक्षसी प्राणी आहे, होर्टा. सगळे बंदुका घेऊन मागे लागलेत. स्पॉक त्याच्याजवळ जातो तेव्हा कळतं की ती आई आहे, आणि कामगार खाणीत जे गोल दगड फोडतायत ती तिची अंडी आहेत. १९६७ चा भाग. निफाडच्या वनरक्षकाला हा भाग दाखवला तर तो म्हणेल, यात नवीन काय?

पोरखेळ म्हणता? 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'नं २००६ मध्ये, अमेरिकेची फौज इराकमध्ये असताना, अमेरिकन प्रेक्षकाला परकी फौज ज्यांच्या ग्रहावर तळ ठोकून बसली आहे अशा माणसांच्या जागी बसवलं. बॉम्ब बांधून निघालेली माणसं त्याला आतून दाखवली. १७ मार्च २००९ ला संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयात मानवी हक्क आणि सशस्त्र संघर्ष यांवरच्या चर्चेला त्या मालिकेच्या लोकांना बोलावलं होतं. जगाला जी मालिका टेबलावर घ्यावीशी वाटते, तिच्या जातकुळीचं नाव चांदवडच्या सभागृहात उच्चारलं तर हशा पिकतो. मग मोठं कोण झालं नाही, ती मुलगी की आम्ही?

माझं म्हणणं इतकंच आहे आणि त्यात मी तसूभर मागे सरणार नाही: आपल्याबद्दलचं जे खरं आपल्या तोंडावर कुणी सांगितलं तर आपण सांगणाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ, ते या मालिका तारे ओलांडून येऊन सांगतात, आणि आपण अंगावर धावून जायच्या आत ते आपल्याला पटून गेलेलं असतं. आजच्या घडीला याहून वास्तववादी टीव्ही मला दाखवा.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर ती मुलगी मला बसस्टँडवर दिसली. मैत्रिणीबरोबर बसची वाट बघत होती. मी विचारलं, ''बेटा, तू मघाशी कोणत्या मालिकेबद्दल बोलत होतीस?''

ती आधी जरा बिचकली, हाही फिरकी घेतोय की काय म्हणून. मग म्हणाली, ''काका, ते दोघं असतात ना. चेहरा अर्धा काळा, अर्धा पांढरा. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. तेवढ्यावरून वैर. यानावरच्या लोकांना तर फरकच कळत नाही आधी.''

''आणि मग?''

''मग त्यांच्या ग्रहावर पोचतात तर ग्रह जळून गेलेला. सगळे मेलेत. एकमेकांना मारून.''

''मग थांबतात का?''

''नाही ना,'' ती म्हणाली. ''तेच मला सरांना विचारायचं होतं. खाली उतरून परत एकमेकांच्या मागे पळायला लागतात.''

मनमाडची गाडी लागली. दोघी पळत जाऊन चढल्या.